पोलीस प्रमुखाची निवृत्ती आणि लोकसेवेचा वारसा

भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी वयाची साठ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारनंतर सेवानिवृत्त होतो. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच सेवा संपते. शहराचा पोलीस आयुक्त असो की राज्याचा पोलीस महासंचालक, मूळ नियम एकच. १९९८पर्यंत ही वयोमर्यादा अठ्ठावन्न वर्षांची होती. पदभाराच्या कागदांवर सह्या होतात, नवा अधिकारी खुर्चीत बसतो आणि तीस-पस्तीस वर्षे अंगावर असलेला गणवेश त्या दिवशी उतरतो.

पद सोडण्याचा हा दिवस पोलीस दलात मोठ्या मानाने साजरा होतो. मुंबईत निरोपाचे संचलन बहुधा नायगावच्या पोलीस मैदानावर होते. तुकड्या रांगेत उभ्या राहतात, पोलीस बँड वाजतो आणि मावळते प्रमुख तुकड्यांची पाहणी करून अखेरची सलामी घेतात. त्यानंतरची प्रथा पाहण्यासारखी असते. प्रमुखांची गाडी फुलांनी सजवलेली असते. गाडीच्या पुढच्या भागाला लांब दोर बांधतात आणि दोराच्या दोन्ही बाजूंना अधिकारी उभे राहतात. त्या दिवशी ही गाडी चालकाने चालवायची नसते, सहकाऱ्यांनी ओढत न्यायची असते. काल ज्यांना आदेश दिले, तेच हात दोर ओढत असतात. दोन्ही कडांना उभे असलेले अंमलदार फुले उधळतात. एरवी शिस्तीच्या चौकटीत कधी बोलून दाखवता न येणारा जिव्हाळा दलातली माणसे या कृतीतून व्यक्त करतात.

सरकारी सन्मानाची वाट वेगळी आहे. विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक यांची घोषणा २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला होते. महाराष्ट्रात याशिवाय पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्ह दिले जाते. ही पदके मुख्यतः दलातील कामगिरीची पावती असतात. तिसरा सत्कार लोकांकडून होतो. गणेशोत्सव मंडळे, मोहल्ला कमिट्या, व्यापारी संघ, शाळा अशा ठिकाणी शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन निरोप दिला जातो. मानपत्रात बहुतेक वेळा गाजलेले तपास, पकडलेले गुंड आणि उधळलेले कट यांचा उल्लेख असतो. हे काम महत्त्वाचेच आहे. पण वस्तीत, गावात, बाजारपेठेत राहणाऱ्या सामान्य माणसाच्या आयुष्यात पोलिसांनी जी शांतता आणि जो आधार निर्माण केला, त्याची मोजदाद करणे अवघड असल्याने ते काम मानपत्रात अनेकदा एका वाक्यात आटोपते. खरे तर पोलीस प्रमुखाच्या लोकसेवेचा गाभा तोच असतो.

कायद्यातली लोकसेवा

लोकांना मदत करणे हा पोलिसांचा केवळ चांगुलपणा नाही, ते कायद्याने सांगितलेले काम आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, म्हणजे पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ साली झाला. त्याच्या ६६व्या कलमात पोलिसांची जनतेप्रती असलेली कर्तव्ये दिली आहेत. रस्त्यावर असहाय स्थितीत सापडलेल्या किंवा अपंग व्यक्तीला शक्य ती सर्व मदत करणे, अटकेतील किंवा कोठडीतील माणूस जखमी वा आजारी असेल तर त्याला तातडीने उपचार मिळवून देणे, आगीमुळे होणारे नुकसान टाळण्यासाठी धडपडणे, अपघात आणि सार्वजनिक धोका टाळणे अशी ही यादी आहे. गुन्हेगाराला पकडण्याबरोबरच माणसाला सांभाळणे हीही पोलिसांची जबाबदारी आहे, हे त्यातून स्पष्ट होते. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या ब्रीदातही सज्जनांचे रक्षण आधी येते आणि दुष्टांचा बंदोबस्त नंतर.

गावपातळीवर या नात्याची परंपरा जुनी आहे. पोलीस पाटील हा गावातलाच माणूस असतो. त्याचे अधिकार आणि कर्तव्ये १९६७च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने ठरवून दिली आहेत. बांधाचा वाद, वाटेचे भांडण, जत्रेतली हाणामारी अशा गोष्टी तालुक्याच्या ठाण्यात पोहोचण्याआधी त्याच्या कानावर येतात. शहरांत मात्र असा दुवा राहिला नव्हता. कामधंद्यासाठी आलेली माणसे दाटीवाटीने राहू लागली, हद्दी वाढल्या, आणि ठाण्यातील हवालदार व वस्ती यांची गाठ बहुधा गुन्हा घडल्यावरच पडू लागली. हे अंतर कमी करण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तो भिवंडीत.

भिवंडीचा प्रयोग

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तर भारतातून आलेले मुस्लिम आणि हिंदू कामगार, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कोकणी मुसलमान, आगरी आणि मराठी कुटुंबे अशी इथली वस्ती. मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर इथे मोठी दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे १९८४मध्ये पुन्हा भीषण दंगल झाली. मुंबईतही तिचे पडसाद उमटले. देशातील दंगलींच्या नकाशावर भिवंडीचे नाव पक्के झाले होते.

१९८८मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शांतता समित्यांची जुनी पद्धत बाजूला ठेवली. अशा समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी असत, आणि त्यांच्या बैठका बहुधा तणाव निर्माण झाल्यावर भरत. खोपडे यांनी शहरभर सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभारल्या. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुस्लिम सभासद जवळपास सारख्या संख्येने घेतले. सभासद निवडताना भर होता तो गल्लीत रोज वावरणाऱ्या साध्या माणसांवर: मागावर काम करणारे, दुकानदार, फेरीवाले, शिक्षक. प्रत्येक कमिटीला ठाण्यातला एक पोलीस नेमून दिला आणि बैठका ठरावीक काळाने, शांततेच्या दिवसांतही, होऊ लागल्या.

बैठकांत चर्चा व्हायची ती दंगलीची नव्हे, रोजच्या जगण्याची. नळावरचे भांडण, दारुड्या नवऱ्याचा त्रास, मुलांची मारामारी, गटाराचे तुंबलेले पाणी, उधारीची कटकट. शेजारी बसून असे प्रश्न सोडवताना एका समाजाच्या माणसाची दुसऱ्या समाजातल्या माणसाशी नावानिशी ओळख होत गेली. पोलिसांनाही कोणत्या गल्लीत कोण राहतो, कोणाचा शब्द चालतो, अफवा कुठून निघते आणि कोण ती विझवू शकतो, हे कळू लागले. पोलिसांचे दोन मोठे प्रश्न त्यातून सुटले: खरी माहिती वेळेवर मिळणे, आणि पोलीस बोलतात त्यावर लोकांनी विश्वास ठेवणे.

कसोटीची वेळ डिसेंबर १९९२मध्ये आली. अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईपासून काही मैलांवर असलेली, दंगलींचा इतिहास असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झालेली होती. उपायुक्तपदावर गुलाबराव पोळ होते आणि त्यांनी कमिट्यांचे काम त्याच नेटाने चालू ठेवले होते. त्या दिवसांत अफवा आल्या की कमिटीचे सभासद पोलिसांसह रस्त्यावर येत, लोकांशी बोलत आणि तरुणांना घरी पाठवत. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात या प्रयोगाची मांडणी केली.

पोलीस अधिकाऱ्याच्या लोकसेवेचे मोल ठरवण्यासाठी भिवंडीचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे. ज्याने घडी बसवली तो अधिकारी संकटाच्या वेळी तिथे नव्हता, तरी घडी टिकली. काम एका व्यक्तीच्या दराऱ्यावर उभे असते तर ते बदलीबरोबर संपले असते. ते लोकांच्या सवयीत उतरले होते आणि नंतरच्या अधिकाऱ्याने ते आपले मानले होते. तरी विश्वास एकदा कमावला की कायमचा राहतो, असेही नाही. जुलै २००६मध्ये भिवंडीतच एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोघे नागरिक ठार झाले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. लोक आणि पोलीस यांच्यातला संवाद सतत चालू ठेवावा लागतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

मुंबई आणि ज्युलिओ रिबेरो

भिवंडीचा धडा मुंबईत उतरवण्याच्या कामात एका निवृत्त पोलीस प्रमुखाचा मोठा वाटा आहे. ज्युलिओ फ्रान्सिस रिबेरो यांचा जन्म ५ मे १९२९ रोजी मुंबईत, मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. १९५३मध्ये ते भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले. १९८२मध्ये ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतील पोलीस शिपायांचे आंदोलन चिघळले आणि शहरात लष्कर बोलवावे लागले. स्वतःच्याच दलातील असंतोष हाताळण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९८४च्या दंगलीही त्यांच्याच कारकिर्दीतल्या. पुढे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महासंचालक, गुजरातचे पोलीस प्रमुख आणि १९८६मध्ये दहशतवादाने होरपळणाऱ्या पंजाबचे पोलीस महासंचालक अशा जबाबदाऱ्या त्यांनी पेलल्या.

३ ऑक्टोबर १९८६ रोजी जालंधरमधील पोलीस संकुलात पोलिसांच्या वेशात आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळीबार केला. ते आणि त्यांच्या पत्नी मेल्बा जखमी झाले, पण बचावले. १९८७मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पोलीस दलातून बाहेर पडल्यावर ते पंजाबच्या राज्यपालांचे सल्लागार आणि १९८९पासून रुमानियातील भारताचे राजदूत होते. ऑगस्ट १९९१मध्ये बुखारेस्टमध्येही त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात ते जखमी झाले. १९९३मध्ये ते मुंबईला परतले तेव्हा वय साठीच्या पुढे होते. दोनदा मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने आता विश्रांती घेतली असती तर कोणी बोट दाखवले नसते.

ज्या शहराचे ते आयुक्त होते, ते शहर मात्र तोवर दुभंगले होते. दंगली आणि १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर शेजाऱ्यांमध्ये अविश्वास होता आणि मुस्लिम वस्त्यांचा पोलिसांवर राग होता. त्या काळात पोलीस आयुक्तपदावर आलेले सतीश साहनी, रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मिळून १९९४च्या सुमारास दंगलग्रस्त भागांत मोहल्ला कमिट्यांचे काम सुरू केले. त्यातून मोहल्ला कमिटी चळवळीचा न्यास उभा राहिला. रिबेरो त्याचे नेतृत्व करू लागले. साहनी निवृत्तीनंतर वरळीच्या नेहरू सेंटरचा कारभार पाहत असतानाही या कामाशी जोडलेले राहिले.

सुरुवात सोपी नव्हती. सर्वाधिक होरपळलेल्या गल्ल्यांत जाऊन लोकांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागे. पोलिसांविषयीच्या तक्रारी पोलिसांसमोरच मांडल्या जात. माजी आयुक्त आणि विद्यमान आयुक्त एकाच सतरंजीवर बसून ते ऐकतात, ही गोष्ट वस्तीसाठी नवी होती. हळूहळू ठाण्यागणिक कमिट्या तयार झाल्या. सणांच्या आधी मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि ध्वनिक्षेपक यांविषयी बैठका होऊ लागल्या. तरुणांसाठी क्रिकेटचे सामने भरवले गेले, त्यांत निरनिराळ्या समाजांची मुले एकाच संघात खेळत आणि पोलीसही मैदानात उतरत. बायकांच्या बैठकांतून घरातला छळ, मुलांची शाळा आणि कमाईचे प्रश्न पुढे आले.

अशा कामाला स्थानिक हात मिळाले की ते मूळ धरते. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी केलेले काम याचे बोलके उदाहरण आहे. वकार खान यांनी तयार केलेल्या, चार धर्मांच्या वेशातील चार मुलांच्या पोस्टरने एकोप्याचा संदेश घराघरांत नेला. त्यांच्या मैत्रीवर २००३मध्ये ‘नाता’ हा माहितीपटही निघाला. पोलीस अधिकाऱ्याने दार उघडून द्यावे आणि आतले काम तिथल्या माणसांनी करावे, ही मोहल्ला कमिटीची रीत धारावीत स्पष्ट दिसते.

व्यवस्थेसाठी झगडणारे निवृत्त प्रमुख

काही निवृत्त पोलीस प्रमुखांनी एका शहरापलीकडे जाऊन पोलीस व्यवस्था सुधारण्यासाठी काम केले. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस प्रमुख आणि सीमा सुरक्षा दलाचे महासंचालक राहिलेल्या प्रकाश सिंग यांनी १९९६मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या प्रकरणात १९९८मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रिबेरो होते. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. राज्याच्या पोलीस महासंचालकाला निवृत्तीच्या तारखेचा विचार न करता किमान दोन वर्षांचा कालावधी मिळावा, जिल्ह्याचे अधीक्षक आणि ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांनाही तेवढाच किमान काळ मिळावा, बदल्यांसाठी मंडळ असावे, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे निर्देश त्यात आहेत.

या निकालाचा लोकसेवेशी थेट संबंध आहे. मोहल्ल्यातल्या माणसांची ओळख व्हायला, त्यांचा विश्वास बसायला आणि काम रुळायला वेळ लागतो. सहा महिन्यांत बदली होणारा अधिकारी गुन्ह्याचा तपास करू शकेल, पण वस्तीशी नाते जोडू शकणार नाही. ठरावीक कालावधीची हमी अधिकाऱ्याइतकीच नागरिकांच्याही हिताची आहे.

महाराष्ट्रभर पोहोचलेली वाट

वाद ठाण्यात येण्याआधी गल्लीत किंवा गावात मिटवायचा, हा विचार पुढे सरकारी योजनांतही दिसू लागला. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात १५ ऑगस्ट २००७पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी तंटामुक्ती समित्या नेमल्या गेल्या, बांध, वाट, भाऊबंदकी असे वाद गावातच सामोपचाराने मिटवले जाऊ लागले आणि तंटामुक्त ठरलेल्या गावांना बक्षिसे मिळाली. गावच्या सलोख्याचे काम गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी जोडीने करायचे, ही या मोहिमेची धारणा होती.

गडचिरोलीत चित्र वेगळे आहे. घनदाट जंगल, विखुरलेली आदिवासी गावे आणि दीर्घकाळ चाललेला माओवादी हिंसाचार यांमुळे सरकारी कार्यालये अनेकांच्या आवाक्याबाहेर होती. तिथल्या पोलीस दलाने दुर्गम ठाण्यांत आणि मदत केंद्रांत ‘पोलीस दादालोरा खिडकी’ सुरू केली. जातीचा दाखला, आधार कार्ड, सरकारी योजनांचे अर्ज, तरुणांसाठी प्रशिक्षण आणि रोजगार अशी कामे तिथे एका ठिकाणी होतात. तालुक्याच्या गावी जाण्यात ज्या माणसाचा दिवस आणि मजुरी बुडते, त्याला आपल्या भागातल्या पोलीस चौकीत दाखल्याचा अर्ज भरता येणे ही मोठी सोय आहे.

गौरवाचा योग्य मार्ग

निवृत्त होणाऱ्या पोलीस प्रमुखाचा गौरव करताना या साऱ्या अनुभवांतून काही गोष्टी घेता येतात. पहिली गोष्ट मानपत्राची. त्यात उघडकीस आलेल्या गुन्ह्यांबरोबर कोणत्या वस्तीत काय बदलले, कोणते वाद मिटले, तक्रार द्यायला घाबरणाऱ्या बायका, मुले आणि वृद्ध ठाण्याची पायरी चढू लागले का, हे नेमकेपणाने लिहावे. सत्काराच्या व्यासपीठावर मान्यवरांसोबत ज्यांच्यासाठी काम झाले त्या माणसांना बोलू द्यावे. कमिटीत बसणारी गृहिणी किंवा मिरवणुकीच्या वाटेवर राहणारा दुकानदार जे सांगेल, ते कोणत्याही पदकापेक्षा नेमके असेल.

दुसरी गोष्ट सहकाऱ्यांची. प्रमुखाच्या नावावर जमा होणारे बहुतेक काम ठाण्यातले अंमलदार करतात. सणासुदीला घरापासून दूर बंदोबस्तात उभे राहणाऱ्या या माणसांच्या घरांचा, आरोग्याचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न सोडवणारा अधिकारी लोकसेवेचीच पायाभरणी करत असतो. थकलेला आणि अपमानित झालेला शिपाई नागरिकाशी आपुलकीने वागेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. १९८२च्या आंदोलनातून मुंबईला हे कळले होते. म्हणून निरोपाच्या दिवशी शिपायापासून उपनिरीक्षकापर्यंत त्या कामात राबलेल्यांचा नावानिशी उल्लेख व्हावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कामाच्या हस्तांतराची. पदभार देताना दफ्तर, शस्त्रे आणि प्रलंबित प्रकरणांची यादी दिली जाते, तशीच वस्तीतल्या संपर्कांची, कमिट्यांच्या बैठकांच्या दिवसांची आणि अर्धवट राहिलेल्या वचनांची नोंदही नव्या प्रमुखाकडे जायला हवी. नागरिकांनीही नव्या अधिकाऱ्याच्या भेटीची वाट न पाहता पहिली बैठक आपणहून बोलवावी. निवृत्त अधिकाऱ्याचा अनुभव शहराला उपयोगी पडावा म्हणून त्याला मार्गदर्शक, मध्यस्थ किंवा शिक्षक म्हणून पुन्हा बोलवावे. रिबेरो आणि साहनी यांनी निवृत्तीनंतर जे केले, त्यासाठी हुद्द्याची गरज नव्हती. गरज होती ती लोकांनी दिलेल्या विश्वासाची आणि वेळ देण्याच्या तयारीची.

खोपडे यांच्यानंतर पोळ यांनी कमिट्या चालू ठेवल्या, साहनींनी पदावर असताना सुरू केलेले काम रिबेरोंसारख्या निवृत्त सहकाऱ्याच्या साथीने पुढे गेले, धारावीत ते स्थानिक माणसांच्या हाती आले. पोलीस प्रमुखाच्या लोकसेवेचा सन्मान करण्याची हीच खात्रीची पद्धत आहे: त्याने लावलेली चांगली घडी पुढच्या अधिकाऱ्याने आणि नागरिकांनी मोडू द्यायची नाही.